आमचा नेम

'सर्व भार विठ्ठलावर' असे आपण म्हणतो, पण गाठोडे काही डोक्यावरून उतरवीत नाही. सन २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका दशमीस एस. टी. ने पंढरीस गेल्या, आणि आम्ही घरी. खरे सांगायचे तर आम्ही देवावरच रुसलो. इतक्या वर्षांचा आमचा नेम मोडला! मग मनास पुसले, बाबा रे, यात 'आमचा' कोठून आला? शेत पेरावे, औषध घ्यावे, लेकरांची काळजी वाहावी. ते सोडा असे कोणी सांगत नाही. सोडायचा तो एवढा 'आमचा'. आणि तोच सुटत नाही! पुढल्या वर्षीही पादुका गाडीनेच गेल्या. त्या एकादशीस आम्ही उंबऱ्याशी बसून टाळ वाजविला. रुसवा थोडा कमी होता.