परिग्रह आणि लोणारचे खारे पाणी

पतंजलीच्या योगसूत्रांतील पाच यमांपैकी अखेरचा यम अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणे, हा होय. परंतु परिग्रहाचा दोष वस्तू जवळ असण्यात आहे की ती न सोडण्यात, हा प्रश्न उरतोच, आणि लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या वेब सर्व्हरची, म्हणजे संकेतस्थळे पुरविणाऱ्या संगणकाची, मेमरी संपते तेव्हा तो अगदी मूर्त रूप घेतो.

अशा संगणकावर मोकळी मेमरी जवळजवळ शून्य दिसली, तरी तेवढ्यावरून तो संकटात आहे असे ठरत नाही, कारण लिनक्स रिकाम्या मेमरीत वाचलेल्या फायलींच्या प्रती ठेवते आणि कॅश नावाचा हा साठा मागणी येताच बहुतांशी सोडून देते. मेमरी लीक, म्हणजे मेमरीची गळती, मात्र वेगळी. तीत प्रोग्राम काम संपल्यावरही घेतलेली मेमरी परत करीत नाही. साठा दोन्हीकडे आहे, पण परिग्रह दुसरीकडेच आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हाच भेद दाखविते. उल्काघाताने बेसाल्ट खडकात झालेल्या या विवराच्या काठावरील धारेचे पाणी गोड असून सरोवराचे खारे आहे, कारण आत आलेल्या पाण्याला वाहून जाण्यास वाट नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात.

मेमरी खरोखर संपली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, 'ओओएम किलर' या यंत्रणेद्वारे एखादा चालू प्रोग्राम बंद पाडतो. निवड मुख्यतः कोणी किती मेमरी व्यापली यावरून होत असल्याने, गळती दुसऱ्याची असूनही बळी निर्दोष डेटाबेसचा जाऊ शकतो. यात इतरांचे रक्षण होते, दोषनिर्णय होत नाही. म्हणून जाणता व्यवस्थापक कर्नलच्या नोंदी तपासून गळतीचे मूळ शोधतो, आणि ते सापडेपर्यंत अपाचे सर्व्हरमध्ये एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची संख्या उपलब्ध मेमरीत मावेल इतकीच ठेवतो, शिवाय ठरावीक जोडण्या हाताळल्यावर प्रत्येक प्रक्रिया स्वतः संपून आपली मेमरी परत करील, अशी मर्यादाही घालतो.

स्थानिक आख्यायिकेनुसार विष्णूने लोणारात लवणासुराचा वध केला आणि तेथील दैत्यसूदन मंदिर त्याचीच आठवण सांगते. तरीही सरोवर खारेच राहिले, कारण असुर मेला म्हणून पाण्याला वाट फुटत नाही.