मोजणारा मोजणीच्या आत

बर्कली डीबी या डेटाबेस लायब्ररीत लॉक_स्टॅट नावाचे एक फंक्शन आहे. ते बोलावले की लॉक-व्यवस्थेचा त्या घडीपर्यंतचा हिशेब हाती येतो: किती लॉक मागितले गेले, किती सोडले गेले, आत्ता किती धरलेले आहेत, एका वेळी जास्तीत जास्त किती होते, किती मागण्यांना ताटकळावे लागले, डेडलॉक किती झाले. हिशेबासाठी लागणारी मेमरी लायब्ररी घेते. वापर झाल्यावर ती मोकळी करणे मागणाऱ्याकडे. तांत्रिक बाजू एवढीच, आणि ती अर्ध्या तासात शिकता येते. पण या आकड्यांना व्यवस्थेचे ज्ञान म्हणायचे का, असे विचारले की मामला प्रमाणशास्त्राच्या हद्दीत जातो. जे जाणायचे त्याच्याच आत उभे राहून ते कितपत जाणता येते, हा तो जुना प्रश्न.

‘आत’ हा शब्द इथे अलंकारिक नाही. सर्व्हर असलेल्या डेटाबेसमध्ये विचारणारा वेगळा आणि उत्तर देणारा वेगळा, असे निदान म्हणता तरी येते. बर्कली डीबीला सर्व्हरच नाही. ती ज्या प्रोग्रॅमला जोडलेली असते त्याच्याच पोटात चालते, आणि अनेक प्रोसेसना मिळून वापरायची लॉकची नोंदवही सामायिक मेमरीच्या एका भागात असते. त्या भागाच्या दारावर एक म्यूटेक्स असतो, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा पहारा. आकडे वाचायला आलेल्यालाही तो ओलांडूनच जावे लागते. आणि या म्यूटेक्ससाठी किती वेळा थांबावे लागले, हाही त्याच हिशेबातला एक आकडा आहे. गर्दी किती आहे हे पाहायला आलेला माणूस त्या गर्दीत एकाने भर घालतो, तसे हे.

पहारा टाळून वाचण्याची सोय मात्र ठेवलेली आहे. डीबी_स्टॅट ही आज्ञा ‘एन’ पर्यायासह चालवली तर सामायिक भागांचे म्यूटेक्स न घेता आकडे दिसतात. तिच्या माहितीपत्रात हा पर्याय केवळ दोष शोधण्यापुरता आहे, एरवी वापरू नये, असे बजावले आहे. कारण उघड आहे. नोंदवही कुणी लिहीत असताना वाचली, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी ओळ वाचली जाऊ शकते. सांख्यांचा पुरुष असंग असतो; प्रकृतीचा खेळ तो पाहतो, त्यात हात घालत नाही. अद्वैतातला साक्षीही तसाच अलिप्त. या यंत्रात अलिप्तपणाची किंमत विश्वासार्हतेने चुकवावी लागते: न स्पर्शता पाहिलेले भरवशाचे नाही, आणि भरवशाचे हवे तर स्पर्श चुकत नाही. साक्षीची कल्पना त्यामुळे खोटी ठरत नाही, कारण ती चैतन्याविषयी आहे, यंत्राविषयी नाही. पण निरीक्षणाची साधने घडवणाऱ्याने ती आपल्या साधनावर लादली तर फसगत होते.

याहून मोठा पेच डेडलॉकच्या आकड्यात आहे. एका ट्रान्झॅक्शनने बारावे पान धरले आहे आणि तिला चाळिसावे हवे आहे. दुसरीने चाळिसावे धरले आहे आणि तिला बारावे हवे आहे. दोघीही थांबल्या. अशा वेळी लॉक_स्टॅटमध्ये डेडलॉकची संख्या किती दिसेल? डेडलॉक हुडकणारा शोधक चालू नसेल तर शून्य. ही संख्या शोधकाच्या कामातून वाढते. कोण कोणासाठी थांबले आहे याचा आलेख तो तपासतो, त्यात वर्तुळ सापडले की ठरलेल्या धोरणाप्रमाणे, म्हणजे सर्वांत जुना, सर्वांत नवा किंवा सर्वांत कमी लॉक असलेला असा, एक बळी निवडतो आणि त्याची मागणी फेटाळतो. मग आकडा एकाने वाढतो. म्हणजे नोंद होते ती मोडलेल्या डेडलॉकची. जो डेडलॉक या क्षणी जिवंत आहे आणि ज्याने सगळे काम ठप्प केले आहे, तो या रकान्यात नसतोच. रकान्यातले शून्य ‘डेडलॉक नाही’ असे सांगत नाही. ‘कुणी शोधून मोडला नाही’ एवढेच सांगते.

या लायब्ररीचा जन्म कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. पुढे 1996 मध्ये ती स्लीपीकॅट या कंपनीकडे आणि 2006 मध्ये ओरॅकलकडे गेली. बर्कली गावाला 1866 मध्ये नाव दिले गेले ते जॉर्ज बर्कली या आयरिश बिशपवरून. असणे म्हणजे प्रतीत होणे, असे मांडणारा तत्त्वज्ञ तो हाच. त्याचा मुख्य ग्रंथ 1710 चा. नावाचा हा योगायोग गमतीचा आहे, पण डेडलॉकचा रकाना वाचताना बिशपची आठवण टाळता येत नाही. कुणी पाहत नसताना झाड असते का, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे, की ईश्वराच्या प्रतीतीत ते सदैव असते. बर्कली डीबीत असा सर्वसाक्षी आपोआप हजर नसतो. शोधक वेगळी प्रोसेस म्हणून चालवावा लागतो, किंवा लॉकसाठी थांबण्याची वेळ येईल तेव्हा तपास व्हावा असे आधीच ठरवून ठेवावे लागते. ईश्वर हवा असेल तर तो सुरू करून ठेवायचा! आणि तो नसला तरी अडकलेल्या दोन ट्रान्झॅक्शन अडकलेल्याच राहतात. इथे बिशपची बाजू लंगडी पडते.

मग हिशेबावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? प्रमाणांनी प्रमेये सिद्ध होतात, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात, असा नागार्जुनाचा नैयायिकांना सवाल होता. दुसरे प्रमाण आणले तर अनवस्था, आणि स्वतःच सिद्ध म्हटले तर मूळ प्रतिज्ञा सुटली. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातले उत्तर तराजूचे आहे: तराजू सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण, आणि माहीत असलेल्या वजनाने तोच तपासला जातो तेव्हा तो प्रमेय. प्रमाणत्व ही वस्तूची कायमची जात नसून एक भूमिका आहे. तर्काच्या कसोटीवर नागार्जुनाचा प्रश्न याने पूर्ण मिटतो असे नाही, पण कामाच्या माणसाला हेच उत्तर उपयोगी पडते. डेडलॉकचा रकाना शून्य दाखवत असताना धरलेल्या लॉकची संख्या उतरत नसेल, तर पहिला आकडा प्रमेय होतो आणि दुसरा प्रमाण. तेवढ्याने भागले नाही तर लॉकची सविस्तर यादी छापून घेता येते. तिच्यात प्रत्येक पानापुढे कुणाचा लॉक धरलेला आहे आणि कोण थांबलेले आहे हे ओळीओळीने येते, आणि बारा–चाळीसचे वर्तुळ डोळ्यांनीच दिसते.

राहिला प्रश्न काळाचा. लॉक_स्टॅटला ‘क्लिअर’ हा झेंडा दिला तर आकडे हाती दिल्यावर ते शून्यावर आणले जातात. कमाल आकडा मात्र शून्य न होता त्या क्षणी धरलेल्या लॉकच्या संख्येवर येतो. नोंदवही सामायिक असल्याने एकाने पुसले की सर्वांचेच पुसले जाते. कालपर्यंतचा उच्चांक पाहायला आलेल्या दुसऱ्या वाचकाला दहा मिनिटांचा उच्चांक दिसतो, आणि तो तेवढ्याच वेळाचा आहे हे त्या आकड्यावर कुठेही लिहिलेले नसते. बौद्धांच्या क्षणिकवादाला हे मानवले असते. तिथे मागचा क्षण पुढच्याला फक्त संस्कार देतो, स्वतः उरत नाही. जिथे वाचणारे अनेक, तिथे न पुसता दोन वेळा वाचून वजाबाकी करणे हा बरा मार्ग. मागण्या, सुटका, ताटकळणे हे वाढत जाणारे आकडे या वजाबाकीला दाद देतात. उच्चांक देत नाही, तो जसा नोंदला गेला तसाच घ्यावा लागतो.