उरलेली पोळी

बडा फुहाऱ्याच्या फुटपाथवर एक म्हातारे गृहस्थ वजनकाटा मांडून बसतात. एका वजनाचे पाच रुपये. दर रविवारी सकाळी, दुकानांची शटर्स वर जायच्या आधी, मी त्यांच्याकडे जाते. घरी काटा घ्यायचा तर साडेसहाशे रुपये, म्हणजे तेवढ्यात अडीच वर्षांचे रविवार होतात. असा हिशेब मी करते, यावरून माझी मिळकत कळावी. मी भाषांतरं करते. पैसे शब्दामागे मिळतात आणि बहुतेकदा पुस्तक छापून झाल्यावर मिळतात.

गेल्या वर्षी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा काटा 68 वर थांबला. माझी उंची पाच फूट एक इंच. रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 6.2 आली होती. मधुमेह 6.5 ला धरतात; म्हणजे अजून उंबरठ्याच्या अलीकडेच, पण उंबरठा दिसतोय. डॉक्टर म्हणाले, सात-आठ किलो कमी करा. वडील जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. निवृत्तीनंतर साखरेनं त्यांचे डोळे नेले, मग पायाची दोन बोटं. त्यांना दवाखान्यात न्यायला, पायाची पट्टी बदलायला आई होती, मी होते. मला कोणी नाही. हे रडगाणं नव्हे, एकटीनं राहणं मी पंचविसाव्या वर्षीच पत्करलं. पण एकट्या माणसाला आजारी पडणं परवडत नाही, हे मात्र रिपोर्ट हातात आल्यावर कळलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी छापील तक्ता दिला. बदाम, पनीर, ओट्स, सफरचंद, ऑलिव्ह तेल. तो घेऊन मी निवाडगंजच्या भाजीबाजारात गेले आणि तिथून वाण्याकडे. पंचेचाळीस रुपये किलोच्या साखरेत जवळजवळ चार हजार कॅलरी असतात. किलोभर सफरचंदांत पाचशे-साडेपाचशे, आणि भाव तिप्पट-चौपट. जाड व्हायला इतके कमी पैसे लागतात हे मी तोवर कधी मांडून पाहिलं नव्हतं. जॉर्ज ऑर्वेलनं 1937 साली बेकार खाणकामगारांविषयी लिहिताना एक गोष्ट हेरली होती: पैसा जितका कमी, तितकी साधं, सकस अन्न घ्यायची इच्छा कमी, कंटाळलेल्या, गांजलेल्या माणसाला काहीतरी चमचमीत हवं असतं. हे मला कमानिया गेटपाशी, खव्याच्या जलेबीच्या कढईसमोर, पुस्तक न उघडताही समजतं.

वाण्याकडे आता कोदोची देखणी पाकिटं आली आहेत. कोदो म्हणजे आपल्या कोकणातला हरीक. मंडला-दिंडोरीकडचे गोंड आणि बैगा पिढ्यान्‌पिढ्या तो खात आले, आणि शहरातल्या आम्ही लोकांनी त्याला गरिबाचं अन्न म्हणून नाक मुरडलं. माझी आईसुद्धा त्यातलीच. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, आणि तोच कोदो माझ्या वाण्याकडे गव्हाच्या चौपट भावानं, बारीक कंबरेचं चित्र लावून विकायला बसला. मी पाकीट परत ठेवलं. तत्त्वासाठी ठेवलं की किमतीमुळे, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पण तक्ता आणि भाव ही माझी खरी अडचण नव्हतीच. मूग, हरभरे, ताक, हिवाळ्यात ढिगानं येणारा इथला मटार, पेरू, मुळा, पालक यांवर माणूस चांगला बारीक होऊ शकतो. अडचण होती उरलेल्या पोळीची.

एकट्या माणसाच्या मापानं बाजारात काहीच मिळत नाही. "पाव भर क्या तौलें दीदी, आधा किलो ले जाओ," भाजीवाला म्हणतो, आणि अर्धा किलो पाव किलोच्या दीडपटीत देतो. दुधी अर्धा कापून देत नाहीत. मेथीची जुडी दोन दिवसांत पिवळी पडते. एक वाटी वरणासाठी कुकर लावणं म्हणजे गॅसची चैन, म्हणून दोन वाट्यांचं लावायचं. कणीक चारची भिजवायची, कारण दोनची परातीत हाताला लागत नाही. मग रात्री साडेनवाला तिसरी पोळी खाऊन पोट भरलेलं असतं आणि डब्यात चौथी असते. भाजीही असते घासभर. आणि कानात आई असते: अन्न टाकू नये.

हे वाक्य माझ्यावर कोणी लादलेलं नाही, माझी त्यावर श्रद्धा आहे. आईचं बालपण नागपूरच्या महाल भागात रेशनच्या रांगेत गेलं. पानात उरलेल्या चार शितांवरून ती आम्हाला उठू देत नसे. त्यामुळे मी चौथी पोळी खात असे. भुकेनं नव्हे, लोभानंही नव्हे, सद्‌वर्तन म्हणून. माझ्या अंगावरचा बराच भाग असा सद्‌वर्तनानं साठलेला आहे.

एका पोळीला कणीक लागते तीसेक ग्रॅम, म्हणजे रुपयाभराची. त्यात शंभर कॅलरी धरा. रोज एक जास्तीची, तर वर्षाच्या छत्तीस हजार पाचशे. एक किलो चरबीला साधारण 7700 हा ढोबळ आकडा घेतला तर साडेचार किलोंवर जातं. शरीर असं कागदी गणितानं चालत नाही, ते आपलं आपण जुळवून घेतं, हे मला माहीत आहे. तरी प्रश्न उरतोच. गरज नसलेली पोळी खाल्ली, तर ती वाया गेली नाही असं कुठल्या अर्थानं म्हणायचं? कचऱ्याच्या डब्यात गेलेलं अन्न दिसतं, म्हणून बोचतं. पोटात गेलेल्याला पुण्याची पावती मिळते. आणि पुढे गोळ्या सुरू झाल्या की तो वाचवलेला रुपया दर महिन्याला औषधाच्या दुकानात जाणार.

देऊन टाकावी, असं कोणीही म्हणेल. गल्लीत गायी आहेत. पण त्यांना घरोघरच्या पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट खाताना बघून मी थांबले. एकदा गल्ली झाडायला येतात त्या भाभींपुढे डबा धरला: आदल्या रात्रीच्या तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि अगदी मोकळेपणानं म्हणाल्या, "आलू नहीं दीदी, मुझे भी सुगर है." मग झाडूवर टेकून त्यांनी आपला आकडा सांगितला. तो माझ्यापेक्षा बराच पुढचा होता. रेशनवर माणशी पाच किलो धान्य, 2023 च्या जानेवारीपासून फुकट, त्यामुळे गहू-तांदळाची ददात नाही. डाळ विकत आणावी लागते, भाजी तर लागतेच लागते. "रोटी-चावल से ही तो पेट भरता है," त्या म्हणाल्या. मी डबा घेऊन जिना चढले. त्यांना मी मनातल्या मनात उपाशी ठरवलं होतं, कारण तसं ठरवलं की माझी पोळी सुटत होती.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 18.7 टक्के बायकांचं वजन कमी भरलं आणि 24 टक्क्यांचं जास्त. हे आकडे वाचताना डोळ्यांसमोर झोपडी आणि बंगला येतो. भाभींनी ते चित्र मोडलं. जास्त वजन म्हणजे जास्त अन्न, आणि जास्त अन्न म्हणजे सुबत्ता, ही साखळी कधीच तुटली आहे. आपले नीतिविचार तेवढे अजून तिलाच धरून आहेत.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट. मराठीत उपास आणि उपासमार यांत एका शब्दाचं अंतर आहे. हिंदी-उर्दूतला फाका तर त्याहून स्पष्ट. मूळ अरबीत त्याचा अर्थ दारिद्र्य, गरज. इकडे येता येता तो उपाशी राहणं होऊन बसला. अमर्त्य सेन यांनी 'इनइक्वॅलिटी रीएक्झामिन्ड' (1992) मध्ये नेमका हाच फरक धरला आहे. उपास करणारा आणि उपासमार होणारा, दोघांच्या पोटात अन्न सारखंच नसतं, पण एकाला खाता आलं असतं आणि तरी त्यानं खाल्लं नाही. नीतीचा सगळा भार त्या 'आलं असतं'वर आहे. हे मला पटतं. फक्त मी कुठल्या बाजूला, ते ठरत नाही. जलेबीसमोरून मी पुढे जाते तेव्हा चाळीस टक्के निग्रह असतो, साठ टक्के पाकीट. असा निग्रह जमेस धरायचा का?

तरुण गांधी लंडनमध्ये, 1888 ते 91 या काळात, हा प्रश्न फारसा न घालता जगले. स्वतंत्र खोली घेतली, स्टोव्ह आणला, सकाळी ओटची लापशी, संध्याकाळी ब्रेड आणि कोको; दिवसाचा अन्नखर्च एक शिलिंग तीन पेन्स. गाडीभाडं वाचवायला रोज आठ-दहा मैल चालणं, आणि त्यानंच प्रकृती टिकली असंही ते आत्मचरित्रात सांगतात. काटकसर, प्रकृती आणि सत्य, सगळं एका चुलीवर. वाचायला सुंदर आहे. पैसे थोरले बंधू पाठवत होते आणि तान्ह्या हरिलालला घेऊन कस्तुरबा राजकोटला होत्या, हेही मी वाचताना विसरत नाही. पण त्यांच्याकडून एक गोष्ट उचलली: हेतूंची टक्केवारी काढत बसायचं नाही. पाकिटानं दिलेला संयम परत करायची काही गरज नसते. मीही चालते, रोज संध्याकाळी, मिलोनीगंजपर्यंत आणि परत.

आणि एक शब्द. मराठीत वाढणं म्हणजे पानात अन्न घालणं, आणि वाढणं म्हणजे मोठं होणं. हिंदीत परोसना वेगळं, बढ़ना वेगळं. भाषांतरात ही जोडी दर वेळी तुटते. वाढायला समोर दुसरं माणूस लागतं. ते विचारतं, आपण पानावर आडवा हात धरतो. एकटी वाढून घेते, तेव्हा तो आडवा हात कुणासमोर धरायचा? अनेक वर्षं माझं 'पुरे' कोणी ऐकलंच नाही, मग ते म्हणायचं मी विसरून गेले असेन.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्याही एकट्या. मी त्यांना काकीजी म्हणते. आता दुधी आम्ही अर्धा-अर्धा घेतो, मेथीची जुडी एक. मंगळवारी आणि शुक्रवारी एकीच्या घरी दोघींचा स्वयंपाक. त्या वाढताना भयंकर आग्रह करतात, त्यामुळे या दोन दिवशी मी वजनाच्या दृष्टीनं थोडी जास्तच खाते. बाकीच्या दिवशी चौथी पोळी असते. ती सकाळी फोडणी देऊन न्याहारीला खाते, आणि मग दुपारी एक कमी. उन्हाळ्यात ती कधी कधी आंबते. तेव्हा टाकते. टाकताना आईची आठवण होते, आणि मी टाकते.

गेल्या रविवारी काटा साडेत्रेसष्टवर थांबला. म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून आकडा पाहिला, मग माझ्याकडे. "बीमार थीं क्या बिटिया?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले आणि पाच रुपये दिले.