हाताची मुक्तता आणि यंत्राची मालकी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्यकर्माची १०१ यंत्रे सांगितली असून त्यांत वैद्याचा हात सर्वांत प्रधान मानला आहे, कारण हाताच्या स्वाधीन झाल्याखेरीज उरलेल्यांपैकी एकही यंत्र काम करत नाही. उपचाराचे सामर्थ्य वस्तूत नसून ती चालवणाऱ्याच्या अभ्यासात असते, आणि कोहळ्यासारख्या फळांवर छेद घेऊन शिष्याने मिळवलेला हा अभ्यास दुसऱ्याला दिल्याने घटत नाही, अशी भूमिका त्यामागे दिसते. आधुनिक पेटंट कायदाही वरवर पाहता याच भूमिकेवर उभा आहे. पेटंट म्हणजे नव्या शोधाच्या कर्त्याला सामान्यतः २० वर्षांसाठी मिळणारा, इतरांना तो शोध वापरण्यापासून रोखण्याचा अधिकार होय. भारताच्या १९७० च्या पेटंट अधिनियमातील कलम ३ नुसार शस्त्रक्रियेची पद्धत अशा अधिकाराचा विषय होऊ शकत नाही. युरोपीय पेटंट कराराचे कलम ५३ तेच सांगते, पण त्या पद्धतीत वापरायची उपकरणे या निर्बंधात येत नाहीत हेही स्पष्ट करते.

अमेरिकेत ही रेषा उशिरा आणि भांडणातून आखली गेली. ॲरिझोनातील नेत्रशल्यविशारद सॅम्युअल पॅलिन यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील, टाका न घालता आपोआप मिटणाऱ्या छेदाच्या पद्धतीवर १९९२ मध्ये पेटंट मिळवले आणि व्हरमाँटमधील एका सहव्यावसायिकावर दावा लावला. १९९६ मध्ये तो निष्फळ ठरला आणि त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन डॉक्टरांना अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले, मात्र पेटंट असलेल्या उपकरणाच्या वापराला ते लागू नाही. छेद कसा घ्यावा यावर कोणी मालकी सांगावी हे व्यवसायाला असह्य वाटले, हे योग्यच झाले. पण तसाच छेद घेणारे पेटंट असलेले साधन बाजारात आले असते तर त्याच व्यवसायाने ते बिनतक्रार विकत घेतले असते.

ही रेषा टिकायची तर हाताचे काम हाताकडे आणि यंत्राचे यंत्राकडे राहायला हवे. इम्प्लांट, म्हणजे शरीरात ठेवायचा कृत्रिम भाग, योग्य जागी पोहोचवून तेथे घट्ट बसवणाऱ्या उपकरणांनी नेमकी हीच अट मोडली आहे. खांद्याच्या हाडापासून सुटलेला कंडरा जोडताना पूर्वी हाडात बोगदे पाडून त्यांतून दोरा ओवावा लागे. सूचर अँकर, म्हणजे दोरा आधीच ओवलेला आणि हाडात रुतून बसणारा लहानसा खिळा, आल्यावर त्या कौशल्याचा मोठा भाग खिळ्याच्या रचनेत सामावला. हृदयाच्या झडपेचे उदाहरण याहून बोलके आहे. डॅनिश हृदयतज्ज्ञ हेनिंग रूड अँडरसन यांनी १९८९ मध्ये धातूच्या जाळीत शिवलेली झडप मिटवून रक्तवाहिनीतून डुकराच्या हृदयापर्यंत नेली व फुग्याने उघडून बसवली, आणि १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी अशा रीतीने माणसाच्या हृदयात महाधमनीची पहिली झडप बसवली. छाती उघडून, हृदय थांबवून, कडेने एकेक टाका घालणाऱ्या हाताचे काम येथे जाळीचा दाब करतो.

पाणिनीच्या व्याकरणात क्रियेच्या बाबतीत स्वतंत्र असतो तो कर्ता, आणि ती सिद्धीस नेण्यात सर्वाधिक उपकारक ठरते ते करण. कायदा कर्त्याला मोकळे ठेवून करणावर मालकी देतो. परंतु क्रियेचा गाभाच करणात उतरला की करणाची मालकी ही प्रत्यक्षात क्रियेची मालकी होते, आणि कलम ३ ने नाकारलेली गोष्ट मागच्या दाराने आत येते.

यावर उपचाराचा बाजार मांडणेच पाप आहे असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो, कारण चरकसंहिता भूतदया हे वैद्यकाचे प्रयोजन सांगते आणि चिकित्सा विकणाऱ्याला सोने सोडून धुळीच्या मागे लागलेला ठरवते. हे वाचन अर्धवट आहे. वैद्याची परतफेड न करणाऱ्या रोग्याला निष्कृती नाही, असेही चरकसंहितेत बजावले आहे. म्हणजे उपचारातून ऋण उत्पन्न होते हे तिला मान्य आहे, मात्र त्यातून दुसऱ्या वैद्याला तोच उपचार करण्यापासून रोखण्याचा अधिकार उत्पन्न होत नाही. पेटंटाचे समर्थक श्रमाचे मोल मागतात तेव्हा ते ऋणाची भाषा बोलत असतात, तर कायदा त्यांच्या हाती देतो तो निषेध. निषेधाच्या भरवशाखेरीज भांडवल येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद व्यवहारात खोटा नाही. पण तो सोयीचा युक्तिवाद आहे, धर्माचा नव्हे. एडवर्ड्स आणि मेडट्रॉनिक या कंपन्यांच्या वादात एप्रिल २०१४ मध्ये डेलावेअरच्या संघीय न्यायालयाने एका झडपेच्या अमेरिकेतील विक्रीवर मर्यादा घालण्याचा आदेश दिला, तेव्हा दुसरी झडप चालणार नाही अशा रुग्णांसाठी अपवाद ठेवणे भाग पडले. पुढच्याच महिन्यात ७५ कोटी डॉलर देण्याचे ठरून समझोता झाला, म्हणजे निषेधाचे अखेर ऋणात रूपांतर झाले.

असे रूपांतर सक्तीनेही करता येते. भारतीय अधिनियमाच्या कलम ८४ नुसार पेटंट मिळून ३ वर्षे झाल्यावर, ती वस्तू लोकांना परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल तर, दुसऱ्या उत्पादकाला परवाना देता येतो. मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला असा परवाना मिळाला आणि मूळ मालकाला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी ठरवून देण्यात आली. गोळीच्या बाबतीत हा मार्ग पुरतो, कारण ती गिळायला शिकावे लागत नाही. झडपेच्या बाबतीत हातात जे कौशल्य उरले आहे तेही त्या विशिष्ट उपकरणाशी बांधलेले असते, आणि पहिले काही रुग्ण हाताळताना डॉक्टरांशेजारी बहुधा उत्पादक कंपनीने पाठवलेला प्रशिक्षक उभा असतो. जाळीचा परवाना दुसऱ्या उत्पादकाला मिळाला, तरी त्या प्रशिक्षकाने त्याच्या ग्राहकांना शिकवावे असे बंधन कलम ८४ घालत नाही.