विटलेले रंग कोणाचे?

एकाच कुळाचे टार्टन, म्हणजे त्या कुळाचे ठरावीक चौकडीचे लोकरी कापड, आज स्कॉटलंडमध्ये निदान तीन रूपांत विकत मिळते. ‘मॉडर्न’ रूपातला निळा काळपट, हिरवा गर्द आणि लाल ठसठशीत असतो. ‘एन्शंट’मध्ये तोच निळा आकाशी होतो, हिरवा उजळतो, लालात नारिंगी झाक येते. ‘वेदर्ड’मध्ये हिरव्याच्या जागी तपकिरी येतो, निळ्याच्या जागी राखाडी आणि लालाच्या जागी विटकरी. पट्ट्यांचा क्रम आणि त्यांच्या रुंदीचे प्रमाण मात्र तिन्हींत सारखेच राहते. कुळाची ओळख त्या क्रमात आहे. छटा कोणती घ्यायची हे विणकराने आणि गिऱ्हाइकाने आपसात ठरवावे, अशी रीत आहे.

या तीन रूपांपैकी दोन रूपे कापड विटल्यानंतर कसे दिसते त्यावर बेतलेली आहेत. कारखान्यातून नवे निघालेले, एक दिवसही न वापरलेले कापड आपल्या अंगावर शतकांचा फिकेपणा घेऊन येते. लग्नासाठी किल्ट, म्हणजे पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, शिवून घेणारे कितीतरी तरुण हेच रंग मागतात. मॉडर्न रंग कृत्रिम आहेत, पूर्वजांचे रंग असेच सौम्य, मातीशी नाते सांगणारे होते, अशी त्यामागची समजूत असते. या समजुतीकडे जरा थांबून पाहायला हवे. टार्टनपुरतीच ती मर्यादित नाही. आपण भूतकाळाची कल्पना कशी करतो, याचे ते एक स्वच्छ उदाहरण आहे.

रंग उडतो म्हणजे काय होते, तिथून सुरुवात करू. कापडावरचा रंग म्हणजे प्रकाशाचा काही भाग शोषून घेणारे रेणू. प्रकाश त्यांना रंग देतो आणि प्रकाशच हळूहळू त्यांना मोडतो. हवेतला प्राणवायू आणि दमटपणा या मोडतोडीला हातभार लावतात. पण सगळे रंग एका वेगाने जात नाहीत. निळीचा रंग चिवट असतो. हेदरसारख्या झुडपांपासून तुरटीच्या मदतीने काढलेले पिवळे रंग मात्र लवकर उडतात. जुन्या काळी पक्का हिरवा देणारी एखादी वनस्पती हाताशी नव्हती. लोकर आधी निळीत आणि मग पिवळ्यात बुडवून हिरवा मिळवला जाई. असा धागा वर्षानुवर्षे उजेडात राहिला की पिवळा निघून जातो आणि निळा मागे उरतो. डोंगरासारखी हिरवी चौकडी निळसर होऊन बसते. काळ्या आणि गडद तपकिरी धाग्यांचे दुखणे वेगळे. त्यांना रंगवताना वापरलेले लोह लोकरीलाच खात जाते, तेव्हा जुन्या तुकड्यांत इतर पट्टे शाबूत असताना काळा पट्टा ठिसूळ होऊन गळून पडलेला दिसतो.

म्हणजे विटणे ही सरसकट फिके होण्याची क्रिया नाही. काळ निवड करतो. मूळ चित्रावर पांढरा पडदा ओढल्यासारखे तो काही करत नाही, तो चित्रातले काही रंग पुसून टाकतो आणि काही तसेच ठेवतो. उरलेल्यावरून मूळ कल्पायचे झाले तर काय पुसले गेले असेल, हे आधी विचारावे लागते.

किल्टच्या घडणीतच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. पूर्ण किल्टला साधारण 8 यार्ड, म्हणजे सव्वासात मीटर कापड लागते, आणि त्यातले बहुतेक मागच्या निऱ्यांमध्ये दुमडले जाते. ऊन लागते ते समोरच्या सपाट पदराला आणि निऱ्यांच्या बाहेरच्या कडांना. निरीच्या पोटातली लोकर अंधारात राहते. जुना किल्ट उलगडला की एकाच कापडाची दोन वये शेजारीशेजारी दिसतात. बाहेर विटका गुलाबीसर पट्टा, आत तोच पट्टा रसरशीत लाल. टार्टनचा अभ्यास करणाऱ्यांनी अशा झाकलेल्या जागा पाहिल्या तेव्हा त्यांना अठराव्या शतकातले गडद निळे, घट्ट हिरवे आणि झगझगीत लाल रंग मिळाले. वनस्पतींचे रंग मुळातच मवाळ असतात, या समजुतीला या कापडांत आधार नाही.

जमिनीखालचे विटणे आणखी वेगळे. स्कॉटलंडमधल्या ग्लेन ॲफ्रिक खोऱ्याजवळच्या दलदलीत, कुजलेल्या वनस्पतींच्या पीट नावाच्या थरात, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस टार्टनचा एक तुकडा सापडला. किरणोत्सर्गी कार्बनच्या चाचणीने त्याचा काळ बहुधा 1500 ते 1600 असा ठरला, आणि 2023 साली तो डंडीच्या व्ही अँड ए संग्रहालयात मांडला गेला. पीटमध्ये प्राणवायू पोचत नाही म्हणून लोकर टिकली, पण तिथल्या गडद पाण्याने तिच्यावर आपला तपकिरी हात फिरवला. तपासणीत हिरव्यातली नीळ ओळखू आली. त्या मळकट कापडात हिरव्या-तपकिरीबरोबर बहुधा लाल आणि पिवळाही होता. ‘वेदर्ड’ रंगसंगतीची कल्पना अशाच पुरलेल्या कापडाच्या रूपावर उभी आहे. ते रंग कोणा रंगाऱ्याने निवडले नव्हते, ते दलदलीचे आहेत.

रंगाऱ्याने काय निवडले होते, याचाही पुरावा आहे. सरकारी सैन्याने हायलँडरांचे बंड मोडले त्या 1746 च्या कलोडनच्या लढाईचे चित्र डेव्हिड मोरियर या चित्रकाराने काढले. त्यातल्या हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, सैनिकांच्या अंगावर लाल रंगाची रेलचेल आहे आणि एकेका माणसाने दोन-तीन वेगळी टार्टने घातली आहेत. दगडफुलापासून तांबूस तपकिरी रंग घरच्या घरी काढता येत असताना, ज्यांना परवडे ते मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांचा महाग लाल मागवत. बॅनॉकबर्नच्या विल्यम विल्सन अँड सन्स या पेढीने 1819 साली आपल्या नमुन्यांची पोथी तयार केली. अशा पेढीला समुद्रापलीकडचे रंग विकत घेणे परवडे, ते तिचे गिऱ्हाईक झळाळीला दाम मोजत असे म्हणूनच. या लोकांना ठळक दिसायचे होते. कलोडननंतर सरकारने पुरुषांच्या हायलँड पोशाखावर कायद्याने घातलेली बंदी 1782 पर्यंत टिकली. जो पोशाख डोळ्यांत भरतो त्यावरच सत्ता अशी बंदी घालते.

मग आपल्याला ते रंग मवाळ का हवे असतात? एक कारण रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे. 1856 मध्ये विल्यम पर्किनने कृत्रिम जांभळा शोधला आणि पुढच्या काही दशकांत भडक रंग स्वस्त झाले. झळाळी सर्वांना परवडू लागताच अभिजनांची रुची सौम्यतेकडे वळली, आणि भडक म्हणजे कारखान्याचे, फिके म्हणजे अस्सल, असे समीकरण रुजले. विसाव्या शतकात विणकरांनी ‘एन्शंट’ आणि ‘वेदर्ड’ बाजारात आणले ते या तयार जमिनीवर. नावाने सर्वांत जुनी वाटणारी रंगसंगती वास्तविक ‘मॉडर्न’हून वयाने लहान आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे आणि अधिक दुःखद वाटते. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हायलँडमधली गावेच्या गावे उठवली. स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून 1814 मध्ये आणि त्यानंतर माणसे हुसकली गेली, घरे जाळली गेली. माणसे गेली आणि मागे निसर्ग राहिला: हेदर, शेवाळ, धुके, ओला दगड. पुढे पर्यटकांनी याच रिकाम्या दृश्यावर प्रेम केले. विटलेल्या टार्टनची रंगसंगती नेमकी या दृश्याची आहे. तिच्यात माणूस डोंगरात मिसळून जातो. ज्यांनी दुरून उठून दिसावे म्हणून लाल निवडला होता, त्यांना आपण मागाहून दगडफुलाचे आणि चिखलाचे रंग नेसवतो, आणि ते आधीपासूनच भूदृश्याचा भाग होते असे मानतो. भूतकाळातल्या माणसांना नम्र, शांत आणि निसर्गाशी एकरूप कल्पिणे आपल्याला सोयीचे असते. त्यांची हौस, त्यांचा थाट, त्यांची स्पर्धा विसरली की त्यांच्यावर झालेला अन्यायही कमी टोचतो.

याचा अर्थ विटलेल्या रंगांवर प्रेम करू नये असा मुळीच नाही. ते सुंदर आहेत आणि त्या सौंदर्यालाही कारण आहे. उजेडाने गडद रंग हलके होतात, त्यांच्यातला विरोध घटतो, एकमेकांशी भांडणारे लाल-हिरवे एका पट्टीत येतात. अशी तडजोड रंगाऱ्याला सहजी साधत नाही. विटण्याचा मान राखणारे शास्त्रही आहे. रंगाचा टिकाऊपणा मोजण्यासाठी निळ्या लोकरीच्या 8 पट्ट्यांचे प्रमाण वापरतात, त्यातली प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा सुमारे दुप्पट काळ तग धरते. संग्रहालये जुनी कापडे 50 लक्सच्या मंद उजेडात ठेवतात, कारण एकदा गेलेला रंग परत येत नाही.

ग्लेन ॲफ्रिकच्या तुकड्यावरून 2024 मध्ये नवे टार्टन विणले गेले. आता तपकिरी मूळ आणि रंगीत नवे अशी दोन्ही रूपे आपल्यासमोर आहेत. मला हा मार्ग योग्य वाटतो. एक कापड काळाने काय केले ते सांगते, दुसरे माणसांनी काय केले असावे ते. ‘वेदर्ड’ किल्ट घालणाऱ्याने तो खुशाल घालावा, पण ही सौम्यता आपल्या काळाची आवड आहे हे मोकळेपणाने मान्य करावे. पूर्वजांच्या नावावर ती खपवली की त्यांनी हौसेने आणि पैसे मोजून अंगावर मिरवलेली झळाळी आपण दुसऱ्यांदा हिरावून घेतो.