आधी घरात दिवा, आणि मग?

'पहले घर में चिराग, फिर मस्जिद में' ही म्हण आमच्या धावड्यात थोरामोठ्यांच्या तोंडी नेहमी असते. दूरच्या कुणासाठी वर्गणीची गोष्ट निघाली की ती हमखास ऐकू येते. फिलिस्तीन असो, सीरिया असो की कोकणातले वादळ, 'आपल्याच गल्लीत गरजू कमी आहेत का?' असे विचारले जाते.

प्रश्न खोटा नाही. पाऊस रुसला की उधारीवर घर चालवणारी माणसे आम्ही शिक्षक रोज पाहतो. जकातीतही जवळच्या गरजू नातेवाइकाचा विचार आधी होतो. पण त्या म्हणीत 'फिर' हाही शब्द आहे. ती क्रम सांगते, दूरच्याला वगळायला सांगत नाही. 'पहले'वरच थांबणाऱ्याच्या तोंडी मात्र ती सबब होते. कारण आपल्या घरात पुरेसा उजेड झाला, असे माणसाला कधी वाटतच नाही.

1912 साली बाल्कन युद्धातील जखमी तुर्की सैनिकांच्या सेवेसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हिंदुस्थानातून वैद्यकीय पथक घेऊन गेले. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, ते तिथेच वारले. दोन्ही वेळी देश गुलाम होता, म्हणजे घरात अंधारच होता. अन्सारींना तुर्कांशी जोडणारा धर्माचा धागा तरी होता. कोटणिसांना चिनी जखमींशी जोडणारा धर्म नव्हता, भाषाही नव्हती. आपल्या माणसाच्या जखमेने मन हलणे ही पहिली पायरी, परक्याच्या जखमेने हलणे ही दुसरी. पहिली पायरी हलकी नाही, पण तिच्यावरच बसून राहिलो तर इन्सानियत अर्धीच राहते.

घेणाऱ्याची बाजूही आपण मराठवाड्याने पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. देशविदेशांतून मदत आली, जागतिक बँकेने कर्ज दिले, पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसली. पण अनेक ठिकाणी शहरातल्या कॉलनीसारखे सरळ रस्ते आणि ओळीने घरे उभी राहिली. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, हे शेतकऱ्याला फारसे कुणी विचारले नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांची छपरे उडाली. ऐन पावसाच्या तोंडावर अशा घराला पत्रे आणि ताडपत्री हवी असते. तिथे जुन्या कपड्यांचे गाठोडे पाठवणे म्हणजे आपले कपाट रिकामे करणे होय.

म्हणून मदत जवळ द्यावी की दूर, यापेक्षा मोठा प्रश्न हा, की देताना आपण उपकार करतो की हक्क पोचवतो? जकात हा आपल्याकडे गरिबाचा हक्कच मानला आहे. उपकार करणारा स्वतःच्या मर्जीने देतो. हक्क पोचवणाऱ्याला मात्र आधी विचारावे लागते, 'तुम्हाला काय हवे?' ज्याचे घर आज वादळाने वा तोफेने पाडले आहे, त्याच्या जागी उद्या आपण असू शकतो. त्या दिवशी कुणीतरी आपल्यालाही विचारूनच द्यावे, असे वाटत असेल, तर विचारण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी लागेल.