मधली साठ वर्षं कुठे गेली?

बसा खाली. टाळ्या पुरे झाल्या. काल १५ ऑक्टोबरला कलामांची जयंती केलीत, फ्लेक्स लावलात, फोटोला हार घातलात. बंगळुरातल्या बोम्मसंद्रात राहून पोरं महाराष्ट्रातला वाचन प्रेरणा दिन पाळतात, म्हणून आईबापांना कोण कौतुक! आणि आज वह्या मागितल्या तर अर्ध्या वर्गाच्या कोऱ्या. कारण काय, तर ‘बाई, जयंतीची तयारी होती.’ कलामांच्या नावावर गृहपाठ बुडवता? लाज नाही वाटत?

ते थर्माकोलचं रॉकेट आणा इकडे. ‘एसएलव्ही-३’ असं झोकात लिहिलंय आणि पट्टे तीनच? चार टप्प्यांचं होतं ते. कोण म्हणालं, ‘नेटवर तसंच होतं’? मोजायचं कोणी? बेळगावच्या माधुरी शानभागांनी कलामांचं ‘अग्निपंख’ मराठीत आणून ठेवलंय, ते उघडलंय का कुणी? सगळ्यांचे हात खाली. भाषणाला मात्र रांग लावली होतीत!

आणि भाषणं तरी कसली? लहानपणी पेपर टाकले, मोठेपणी राष्ट्रपती झाले, जय हिंद. अरे, मधली साठ वर्षं कुठे गेली? माणूस घडला तो त्याच वर्षांत, आणि नेमकी तीच तुम्ही गाळलीत. का? कारण तिथे काम आहे.

मद्रासच्या एमआयटीत कलामांना विमानाचा आराखडा करायचा होता. काम ढिलं पडलं. प्राध्यापक श्रीनिवासन यांनी सरळ सांगितलं, सोमवारी सकाळी आकृती आली नाही तर शिष्यवृत्ती बंद. त्या शिक्षणाच्या फीसाठी बहिणीनं दागिने गहाण टाकले होते. पोरानं जेवण सोडलं, रात्र जागवली, आकृती पुरी केली. ‘सर बोलले’ म्हणून घरी तक्रार नेली नाही.

हवाई दलाच्या निवडीत नववा नंबर आला, घेतले आठच. याच बंगळुरात ‘नंदी’ नावाचं हॉवरक्राफ्ट बांधलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्यात बसून फिरले, तरी पुढे तो प्रकल्प गुंडाळला गेला. आपल्याच शहरातली गोष्ट, कुणाला ठाऊक होती?

१० ऑगस्ट १९७९. एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पप्रमुख कलाम होते, पण पत्रकारांपुढे जाऊन जबाबदारी घेतली इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केलं. तुम्ही काय केलंत? थर्माकोलचा पट्टा चुकला तर लगेच ‘बाई, ते त्यानं केलंय’ म्हणून बोट दाखवलंत.

त्या रॉकेटच्या घन इंधनामागे वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची थुंब्यातली वर्षानुवर्षांची मेहनत होती. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर उभे राहिलात, तरी त्यांचं नाव एकाच्याही तोंडी नाही!

प्रेरणा मिळाली म्हणता. मिळाली असती तर हातातलं काम एक बोटभर तरी पुढे सरकलं असतं. कलाम मुलांना प्रश्न विचारायला लावत. २७ जुलै २०१५ ला शिलाँगला विद्यार्थ्यांपुढे बोलता बोलताच गेले. अशा माणसाला नुसता हार घालून मोकळे होता?

आता ऐका. चारही टप्पे घन इंधनाचे. मग १९७९ ला दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून गळलं ते नायट्रिक आम्ल तिथे कशाला भरलं होतं? हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता, पडला नाही, म्हणून मी विचारतेय. सोमवारी प्रत्येकानं आकृती काढून, नावं लिहून, कारणासकट उत्तर आणायचं. एकमेकांचं उतरवलेलं मला पहिल्या ओळीत कळतं. आणि तोवर तो फ्लेक्स काढून ठेवा, येण्याजाण्याची वाट अडलीय.